मंदा, तुझे ग्राफवाले कॅल्क्युलेटर

मंदा,

तुझ्या शोकसभेतून मी मध्येच उठून येणार होतो. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, समोर तुझा हार घातलेला फोटो, म्हणून उठता आलं नाही. एकामागून एक माणसं बोलायला उभी राहिली आणि प्रत्येकानं सांगितलं की तू फार शांत होतीस. शांत! ज्यांच्याशी स्टाफरूममध्ये तुझं वर्षानुवर्षं वाजलं, त्यांनीच सांगितलं की मॅडमचा कधी कोणाशी वाद झाला नाही. एक जण म्हणाले, संख्याशास्त्रासारखा रुक्ष विषय मॅडम हसतमुखानं शिकवीत. तू तिथं असतीस तर भर सभेत विचारलं असतंस, "रुक्ष कोणाले? तुमाले का पोरींले?"

मी हिशेबातला माणूस. ऑफिसात माझ्या टेबलावरून चुकीचा आकडा पुढे गेला तर दुरुस्त होईपर्यंत मला चैन पडत नाही. त्या सभेत तुझ्याबद्दल इतकं चुकीचं पुढे गेलं की दुरुस्तीसाठी कागद घेऊन बसावंच लागलं.

भाषणांचं मी सोडून दिलं असतं. माणूस गेलं की लोक असंच बोलतात. पण शेवटी प्राचार्य उठले. त्यांनी जाहीर केलं की मॅडमनी परदेशातून मिळवलेले ते मौल्यवान ग्राफवाले कॅल्क्युलेटर आता ग्रंथालयात, काचेच्या कपाटात, मॅडमच्या फोटोखाली कायमचे जतन केले जातील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हेही कोणाला आठवलं नाही.

दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हाही माझं डोकं शाबूत होतं. सगळं रीतसर केलं. त्या टाळ्या ऐकल्या आणि ते शाबूत राहिलं नाही.

तो खोका आला ती दुपार आठवते ना? तुझा जुना विद्यार्थी विजय परदेशात शिकवायला लागला होता. त्याच्या कॉलेजनं नवे कॅल्क्युलेटर घेतले आणि जुने त्यानं तुला पाठवून दिले. पुसदमध्ये असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे असतो. याच्यावर हाताच्या तळव्याएवढा पडदा, आणि आकडे भरले की पडद्यावर आलेख उभा राहायचा. तू ओसरीवरच फतकल मारून बसलीस. मी चहा करून आणला, तो तुझ्याजवळ ठेवला, गार झाला, परत नेला. तू मान वर केली नाहीस.

त्या दिवसापासून आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल राहिले नाहीत. एकेका कॅल्क्युलेटरला चार-चार बारीक सेल लागायचे आणि तुझा तास असला की रिमोट रिकामा. मी कुरकुर केली की तू म्हणायचीस, "उठून बटन दाबा ना अहो. तेवढाच व्यायाम होते."

कॉलेजात मात्र पहिल्या दिवसापासून कटकट. परीक्षेत साधाच कॅल्क्युलेटर चालतो, मग वर्गात हा कशाला? पोरी आळशी होतील. आलेख हातानंच काढला पाहिजे. कॉम्प्युटरच्या खोलीत कॉम्प्युटर होते, पण त्यांना कापडाचे झगे घातलेले. चपला बाहेर काढून आत जायचं आणि हात न लावता परत यायचं. तू म्हणायचीस, देवळातसुद्धा घंटा वाजवू देतात. हाताची मेहनत तुला नको होती असं मुळीच नव्हतं. आधी हातानं आलेख काढल्याशिवाय तू एकाही पोरीला यंत्राला बोट लावू दिलं नाहीस. तुझं म्हणणं एवढंच होतं की हातानं एक आलेख काढायला पूर्ण तास जातो, आणि एकच आलेख पाहिला तर तो खरा वाटायला लागतो.

याचा अर्थ मला कळला तो तुझ्या वर्गाबाहेर उभं राहून. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू चष्मा घरी विसरली होतीस, तो द्यायला आलो होतो. तास चालू होता म्हणून व्हरांड्यात खिडकीशी थांबलो आणि चष्मा खिशात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

ते कापसाचं वाईट वर्ष होतं. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. रोज सकाळी पेपरात आत्महत्यांचा आकडा. बाहेरगावचे साहेब लोक गाड्या घेऊन यायचे, बांधावर उभे राहून सरासरी विचारायचे आणि दिवस मावळायच्या आत परत जायचे. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी त्याच शेतांतून एसटीनं यायच्या. तू त्यांना सांगितलं होतंस, घरच्या शेतात ओळीओळीनं फिरा, कुठलंही झाड निवडून घेऊ नका, ठरावीक अंतरानं जे येईल ते घ्या आणि त्याच्यावरची बोंडं मोजून आणा. दिग्रसच्या रस्त्यावरच्या तांड्यातली काजल राठोड पुढच्या बाकावर होती. किती बोंडांची किती झाडं याचा तिनं वहीत हातानं काढलेला आलेख अगदी नीटस होता, मधोमध एक टेकडी. तू तिला तेच आकडे यंत्रात भरायला लावलेस आणि म्हणालीस, आता वर्गांतर निम्मं कर, बोंडांच्या आकड्यांचे गट अर्ध्या रुंदीचे. एक बटन.

"मॅडम, माह्या आलेखात खड्डा पडून राह्यला."

"कुठी?"

"मधात. एक टेकडी होती तं दोन झाल्या."

"अजून अर्धं कर."

"खड्डा अजूनच खोल झाला, मॅडम."

"सरासरी काढ आता. कुठी येते ते पाय."

काजलनं बटन दाबलं, पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "खड्ड्यात."

"अन् तिथं झाडं किती हायेत?"

"एकबी नाई."

तू खडू ठेवलास. काजलनं आपणहून सांगितलं, अर्धं वावर नाल्याकडचं काळं, अर्धं टेकाडावरचं बरड. खाली झाडं वाकली होती, वर नुसत्या काड्या. दोघांची मिळून सरासरी बरी आली होती, पण तेवढ्या बोंडांचं झाड त्या वावरात एकही नव्हतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग ते साहेब कोणतं झाड पाहून 'पीक बरं' लिहून गेले व?" सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. मी बाहेर उभा होतो, मलाही हसू आलं नाही. एवढी वर्षं मी सरासरीचे रकाने भरत आलो होतो, पण आत काय आहे हे असं कोणी उघडून दाखवलं नव्हतं.

तो तुझा रुक्ष विषय.

त्या संध्याकाळी जेवताना आपलं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हटलं, एकूण कापूस तर तेवढाच ना? बाजारात गाडी उतरते तेव्हा टेकडी का खड्डा कोणी विचारत नाही.

तू म्हणालीस, "तुमी गाडी मोजता. मी झाड मोजून राह्यली."

"पण सरासरी चुकली कुठे? मी स्वतः भागाकार करून पाहतो, दे इकडं."

"पाहा ना. बरोबरच हाये. बरोबर हाये म्हणूनच भेव वाटते."

मग पावसावरून तेच. पेपरात आलं होतं, यंदा जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस. तू पेन्सिलनं त्या बातमीखाली रेघ ओढलीस आणि माझ्यापुढे सरकवलीस. पेरणीनंतर आभाळ कोरडं, रोपं वाळली, आणि मग एका आठवड्यात सगळा कोटा पुरा. मी म्हटलं, एकूण आकडा तर खरा आहे. तू म्हणालीस, "हा खरा आकडा त्या रोपाईले पाजा जाऊन." आजही माझं म्हणणं आहे, मंदा, की एकूण आकडा लागतोच. तो नसेल तर कागद पुढे सरकत नाही, कोणाच्या पदरात काही पडत नाही. याला तू काय उत्तर दिलं असतंस ते मला माहीत आहे. तरी ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

दसऱ्याची गोष्टही त्या सभेत कोणी सांगितली नाही. खंडेनवमीला कॉलेजातली सगळी उपकरणं टेबलावर मांडून पूजा व्हायची. त्यात तुझे कॅल्क्युलेटरही मांडले. सगळ्यांवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. सुट्टीनंतर तू तासाला गेलीस तर बटनं दबेनात. कुंकू फटीत जाऊन बसलेलं, एकाच्या बटनाखाली तांदळाचा दाणा. रविवारचा आख्खा दिवस तू सुई आणि कापसाचा बोळा घेऊन एकेक बटन साफ करत बसलीस. मी मदतीला बसलो तर म्हणालीस, "तुमी नका. तुमी लय नीट करता, दिवाळी होऊन जाईन." दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन सांगितलंस, पुढच्या वर्षीपासून माझ्या खोलीतलं काही न्यायचं नाही, पूजा करायची तर हजेरीपटाची करा. त्यावर तुला नोटीस आली होती. शांत बाई!

एकदा एक पोरगी तुला म्हणाली होती, "मॅडम, याच्यात लग्नाचा योग निघते का?" तू तिला उत्तर दिलंस, "बेरजेचा योग निघते. नवरा तुलाच शोधा लागन." हे तू मला घरी येऊन सांगितलंस आणि वर म्हणालीस, "माहा योग कमी निघाला होता, पण निभलं." मी पेपरातून मान वर न करता हसलो होतो. माझंही निभलं, मंदा. फार चांगलं निभलं.

दवाखान्यातला तो दिवस लिहू का नको, असं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, चान्स चांगले आहेत. तू उशीला टेकून बसली होतीस. विचारलंस, "चांगले म्हंजे कितीपैकी किती? माह्या वयाच्या, याच टप्प्यावरच्या किती बाया पाह्यल्या तुमी?" ते तुझ्याकडे न बघता माझ्याकडे वळले आणि म्हणाले, मॅडमना जास्त विचार करू देऊ नका. प्रश्न तू विचारलास आणि उत्तर मला! मी त्यांना म्हणणार होतो, साहेब, ही आयुष्यभर हाच प्रश्न शिकवत आली आहे, हिला तरी नीट सांगा. पण तू माझा हात दाबलास. ते गेल्यावर म्हणालीस, "जाऊ द्या. त्याईले माहीत नाई. 'माहीत नाई' म्हणायले कोणी शिकवलं नसन." आणि मग मला विचारलंस, "तुमी काय म्हणता?"

मी अंदाजे आकडा कधी देत नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "बरी होशील."

तू हसलीस. "हा आकडा कुठून आणला?"

तर तुझ्या कॅल्क्युलेटरांचं काय झालं ते सांगतो. तुला भरती करायच्या आधी तू खोका सेल बदलायला घरी आणला होतास, तो दिवाणाखालीच होता. सभेनंतर दोन दिवसांनी काजल आणि तिच्या वर्गातल्या दोघी घरी आल्या. त्या आता शेवटच्या वर्षाला आहेत, प्रोजेक्ट चालू आहे. तुझ्या जागी तासिका तत्त्वावर आलेल्या सरांनी सांगितलं, हातानंच करा, यंत्रं कपाटात जाणार आहेत. काजल म्हणाली, "काका, कपाटाले कुलूप लागलं का मंग झालं. तुमी देऊच नका. सांगा, घरचे हायेत." तुझा भाऊ नेरहून आलेला होता, तोही म्हणाला, "भाऊजी, ठेवून घ्या. कोण विचारते?"

मी खोका बाहेर ओढला आणि वरचा पत्ता वाचला. तुझं नाव, त्याखाली विभाग, त्याखाली कॉलेज. हे घरचे नाहीत, मंदा. ते कॉलेजचे आहेत. तुझ्यासाठीसुद्धा मला खोटं सांगता येत नाही. पोरी माझ्याकडे बघत होत्या आणि मला राग कोणाचा यावा ते कळत नव्हतं. विजयचा, की त्यानं विभागाचं नाव का लिहिलं? तुझा, की तू अशी अर्ध्यात का गेलीस? तो राग मला आला, खोटं कशाला लिहू. रात्रभर नाही, पण बराच वेळ राहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि खोका घेऊन कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बरं झालं आणून दिले. आजच डेड स्टॉकला घेतो."

तुला हा शब्द किती खुपायचा! कॉलेजात टेबल, खुर्ची, सूक्ष्मदर्शक, जे जे टिकाऊ येतं ते सगळं डेड स्टॉक. त्यावर ऑइलपेंटनं नंबर घालतात आणि ते मोडलं तर ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून भरून घेतात. म्हणून कोणी ताब्यात घेतच नाही. ज्याच्याकडे किल्ली तो कुलूप लावतो आणि निवृत्तीच्या दिवशी सगळं जसंच्या तसं परत देऊन शाबासकी घेतो. ही आपली पद्धत. एक वस्तू झिजली नाही याचा अभिमान!

मी म्हटलं, "डेड स्टॉकला घ्या. नंबर घाला. ते तुमचे आहेत, मी नाकारत नाही. पण आजच्या आज शेवटच्या वर्षाच्या मुलींना वापरायला द्या."

"आणि मोडले तर? जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"तुम्ही कॉलेजचे कोण?"

"तिचा नवरा."

"अहो साहेब, नियमात बसत नाही हे."

"कोणत्या नियमात? दाखवा. माझी उभी नोकरी नियमांत गेली. वस्तू सांभाळा असं लिहिलेलं मी वाचलं आहे. वापरू नका असं लिहिलेलं अजून वाचलं नाही."

त्यांनी हेडक्लार्कला बोलावलं. हेडक्लार्कनी पुस्तक चाळलं, चष्मा पुसला, पुन्हा चाळलं. नियम सापडला नाही. प्राचार्य वाईट माणूस नाहीत, हे तूही म्हणायचीस. कसनुसे होऊन म्हणाले, "पण मी सभेत जाहीर केलं आहे हो. कपाट झालंसुद्धा तयार. आता त्यात काय ठेवू?"

"खोका ठेवा," मी म्हटलं. "रिकामा. वर तिचं नाव आहेच."

मी चेष्टेत बोललो नव्हतो आणि त्यांनीही चेष्टेत घेतलं नाही. आज ग्रंथालयात तुझ्या फोटोखाली तो रिकामा खोका आहे आणि येणारे-जाणारे त्याला नमस्कार करतात. कॅल्क्युलेटर परीक्षा होईपर्यंत द्यायचं ठरलं. मी सही केली. काही पोरींकडे गेले, उरलेले विभागात.

या सोमवारी दुपारी काजल दारात उभी राहिली. आत येईना. ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. मी म्हटलं, ये ना पोरी, तर रडायलाच लागली. एसटीतून उतरताना गर्दीत धक्का लागला आणि कॅल्क्युलेटर पायरीवरून खाली रस्त्यावर. पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग. बटनं दबतात, दिसत काही नाही.

"रडतेस कशाला?"

"तुमच्या नावावर हाये ना, काका."

"काम कुठवर आलं होतं?"

"तांड्यातल्या तीन वावराईचं झालतं. चौथं भरून राह्यलती. आता सरबी देणार नाईत अन्..."

मला राग आला, मंदा. वस्तू मोडल्याचा नाही. एक पोरगी शेतातून बोंडं मोजून येते, एसटीत उभी राहून आकडे भरते, आणि तिच्या हातून पडलं म्हणून ती चोरासारखी दारात उभी राहते, ही भीती हिच्यात भरली कोणी? मी तिला पाणी दिलं. चप्पल घातली आणि तिला घेऊन तसाच कॉलेजात गेलो.

प्राचार्यांनी तो काळा पडदा उजेडाकडे धरून पाहिला. म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं," मी म्हणालो. "याचे भरायचे ते माझ्याकडून भरून घ्या. आणि हिला दुसरा द्या."

"दुसरा?"

"चौथ्या वावराचं राहिलं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काही बसलो नाही. काजल माझ्या मागे. तू कशी उभी राहायचीस ते मला येत नाही, पण मी उभा राहिलो. शेवटी त्यांनी शिपायाला हाक मारून विभागाची किल्ली मागवली.

दिला, मंदा.